ग्रुपवर नाव आलं, आता कुठे जायचं?

समजा, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेअकराला मेसेज पडतो : "खजिनदारांनी लिफ्टच्या दुरुस्तीतले चाळीस हजार खाल्ले." खाली तीन अंगठे, दोन हसरे चेहरे आणि एकाचं "मला आधीपासूनच शंका होती". खजिनदार सकाळी चहा घेईपर्यंत तो मेसेज शेजारच्या दोन सोसायट्या फिरून त्यांच्या मुलीच्या सासरी पोचलेला असतो.

त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते. तिचं ठरलेलं लग्न मोडतं आणि पाठोपाठ तिच्या जुन्या आजारपणाची फाइल, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांसकट, कुणीतरी फोटो काढून नातेवाइकांत फिरवतं. फाइल खरी आहे. त्यात एक अक्षर खोटं नाही.

दोघंही पोलिस ठाण्यात जातात आणि एकच वाक्य बोलतात : "साहेब, माझी बदनामी झाली." गाडं इथेच अडतं. खजिनदारांचं दुखणं असं की त्यांच्याबद्दल खोटं पसरलं. मुलीचं दुखणं असं की तिचं खरं, पण फक्त तिचं असलेलं, चव्हाट्यावर आलं. पहिल्याला कायदा अब्रुनुकसानी म्हणतो, दुसऱ्याला खासगीपणाचा भंग. या दोन दारांमागची कलमं वेगळी, कचेऱ्या वेगळ्या आणि लागणारा वेळ तर फारच वेगळा. चुकीचं दार ठोठावण्यात लोकांचे महिनेच्या महिने जातात.

आधी खजिनदारांचं दार

अब्रुनुकसानीचं कलम आपल्याकडे इंटरनेटपेक्षा पुष्कळ म्हातारं आहे. इंग्रजांनी १८६० साली दंडसंहिता केली, तिच्यात ते ४९९ आणि ५०० या आकड्यांनी बसलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तेच कलम ३५६ या नव्या नंबरवर राहायला गेलं. मजकूर जवळपास तोच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्याने भर पडली ती समाजसेवेच्या शिक्षेची.

मराठी माणसाला हे कलम अनोळखी असायचं कारण नाही. टिळक आणि आगरकर पहिल्यांदा तुरुंगात गेले ते राजद्रोहासाठी गेले असं अनेकांना वाटतं. ते गेले अब्रुनुकसानीसाठी. कोल्हापूरचे कारभारी बर्वे तिथल्या छत्रपतींचा छळ करतात, असा आरोप करणारा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा'त आला, आणि पुराव्यादाखल बर्व्यांची म्हणून हाती आलेली काही पत्रं छापली गेली. पत्रं बनावट निघाली. संपादकांचा हेतू वाईट होता असं त्यांचे विरोधकही म्हणाले नसते, त्यांनी माफीही मागितली. तरी १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली आणि दोघांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. "मला जसं आलं तसं पुढे पाठवलं" हा आजचा सगळ्यांत आवडता बचाव आहे, आणि तो तेव्हाही चालला नव्हता. दिल्ली हायकोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अरविंद केजरीवाल यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की बदनामीकारक मजकूर रिट्वीट करणं म्हणजे तो प्रसिद्ध करणंच. त्याआधी २०२३ मध्ये मद्रास हायकोर्टाने अभिनेते एस. व्ही. शेखर यांना हेच सुनावलं होतं. महिला पत्रकारांबद्दलची एक गलिच्छ पोस्ट त्यांनी फॉरवर्ड केली होती. न वाचता पाठवली असं म्हणून सुटका झाली नाही, सुप्रीम कोर्टातही नाही. तेव्हा आपल्या मेसेजमागे 'फॉरवर्डेड अ‍ॅज रिसीव्हड' लिहिणाऱ्या काकांना सांगायला हरकत नाही की ते शब्द म्हणजे काही चिलखत नाही.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनचं काय? मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं की सदस्याने काहीबाही टाकलं म्हणून निव्वळ अ‍ॅडमिन असल्यामुळे कुणी गुन्हेगार ठरत नाही. दोघांचं आधीपासून संगनमत असल्याचं दिसायला हवं. एवढ्यावरून अ‍ॅडमिनांनी निर्धास्त झोपावं असं नाही, पण "अ‍ॅडमिनला अटक होते" हा मेसेज दरवर्षी निवडणुका आल्या की फिरतो, तो मात्र भीती घालण्यापुरताच असतो.

आता कलमाच्या आत काय आहे ते पाहू. तीन गोष्टी जुळाव्या लागतात. कुणाबद्दल तरी आरोप असावा. तो तिसऱ्या माणसापर्यंत पोचलेला असावा. आणि त्याने अब्रू जाईल हा हेतू, किंवा निदान जाणीव, असावी. फक्त खजिनदारांनाच खासगीत "तुम्ही पैसे खाल्लेत" असं लिहिलं तर अब्रुनुकसानी होत नाही, कारण तिसरा माणूसच नाही. तोच मेसेज ग्रुपवर पडला की झाली.

नाव न घेता टोमणा मारण्याची कला आपल्याकडे घराघरांत पोसलेली आहे. "काहींनी लिफ्टमधून वर जाता जाता खिसेही वर नेले" असं लिहून आपण सुटलो असं लिहिणाऱ्याला वाटतं. सुटत नाही. वाचणाऱ्यांना रोख कुणाकडे आहे ते कळलं की पुरे. उपरोधाने लिहिलेलंही कलमाच्या स्पष्टीकरणात स्वतंत्रपणे धरलेलं आहे. म्हणजे "आमचे खजिनदार किती प्रामाणिक, विचारूच नका" हेसुद्धा सोडत नाही. मेलेल्या माणसाची बदनामीही होऊ शकते, जर ती मागे राहिलेल्यांना झोंबावी म्हणून केली असेल.

मग खरं बोलायचीही चोरी का? तसं नाही, पण इथे एक बारीक फरक आहे, आणि तो भल्याभल्यांना माहीत नसतो. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात आरोप खरा आहे एवढं सिद्ध केलं की सुटका. फौजदारीत मात्र खरं असून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. खजिनदारांनी खरोखर पैसे खाल्ले असतील तर सभासदांना ते सांगण्यात लोकहित आहे. त्यांच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्रेमप्रकरणाचं खरं वर्णन ग्रुपवर टाकण्यात कसलं आलंय लोकहित?

मत आणि आरोप यांतही अंतर असतं. "हिशोब वेळेवर मांडले जात नाहीत, मला कारभार पटत नाही" हे मत झालं. "चाळीस हजार खाल्ले" ही घटना सांगितली. ती सिद्ध करायची जबाबदारी सांगणाऱ्यावर आली. सहकारी संस्थांच्या कायद्याने सभासदाला हिशोबाची कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिलेला आहे. लेखी अर्ज देऊन हिशोब मागणाऱ्याचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. पण अर्ज लिहायला कागद लागतो आणि पोच घ्यायला ऑफिसात जावं लागतं. ग्रुपवर टाकायला अंगठा पुरतो.

पोलिस म्हणाले, एनसी घेतो

खजिनदार चौकीत जातात. ठाणे अंमलदार शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "एनसी घेतो, पुढे कोर्टात जा." एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. खजिनदारांना वाटतं टाळलं. टाळलेलं नसतं. अब्रुनुकसानी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यात तपास करता येत नाही, आणि मुळात कोर्ट यात दखल घेतं ते ज्याची अब्रू गेली त्याने स्वतः खासगी फिर्याद दाखल केली तरच. फिर्याद आली की नव्या प्रक्रियेप्रमाणे दखल घेण्याआधी समोरच्याचं म्हणणंही ऐकायचं असतं. त्यानंतर तारखा. त्या तारखांना फिर्यादीलाही जावं लागतं हे बहुतेकांच्या लक्षात येतं ते तिसऱ्या तारखेला.

हे कलम गुन्हा म्हणून ठेवावंच का, यावर मोठा वाद झाला. सुप्रीम कोर्टाने १३ मे २०१६ रोजी सुब्रमण्यम स्वामींच्या खटल्यात ते घटनेला धरून आहे असा निकाल दिला. त्यात एक विचार महत्त्वाचा होता : जगण्याच्या हक्कात अब्रूही येते. हा निकाल मला फारसा पटत नाही. अब्रू मोलाची आहे हे मान्य, पण तिच्यासाठी माणसाला तुरुंगात घालायची सोय ठेवली की तिचा वापर दुबळ्यापेक्षा दांडगाच जास्त करतो. पण कायदा आज तिथे आहे.

दुसरी वाट दिवाणी कोर्टाची. तिथे भरपाई मागता येते आणि मजकूर काढून टाकण्याचा, पुन्हा न टाकण्याचा मनाई हुकूमही. आपल्याकडे भरपाईची रक्कम जितकी फुगवाल तितकी कोर्ट फीही वाढते, त्यामुळे एक कोटीचा दावा ठोकण्याची हौस बहुधा वकिलाच्या टेबलावरच मावळते. मनाई हुकूमही मागितला की मिळतो असं नाही. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने खालच्या कोर्टांना बजावलं की साक्षीपुरावे होण्याआधीच लेखावर सरसकट बंदी घालू नका. बड्या कंपन्या प्रश्न विचारणाऱ्याला थकवण्यासाठीच दावे लावतात, याचीही दखल त्या निकालात आहे. असे दावे जिंकण्यासाठी नसतात. समोरच्याने घाबरून लेख काढला की काम झालं.

फेसबुकला कळवलं, त्यांनी कोर्टाचा हुकूम मागितला

मजकूर टाकणाऱ्याला सोडा, ज्या भिंतीवर तो चिकटवला ती भिंतच का नको धरायला? आयटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञान, कायद्याचं कलम ७९ म्हणतं की फेसबुकसारख्या मधल्या कंपन्यांनी ठरवून दिलेली काळजी घेतली तर लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी त्या जबाबदार नाहीत. 'कळल्यावर' तो हटवला पाहिजे. पण कळलं म्हणजे काय?

या प्रश्नाच्या उत्तराची वाट पालघरहून जाते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्या अटकेमुळे श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली. २४ मार्च २०१५ रोजी कोर्टाने आयटी कायद्याचं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा सांगणारं, ६६अ कलम रद्द केलं. त्याच निकालात कलम ७९ चा अर्थही लावला गेला : 'कळलं' म्हणजे कोर्टाचा किंवा सरकारचा हुकूम आला. कुणीही उठून पत्र लिहिलं म्हणजे नव्हे.

त्यामागचा विचार मला योग्य वाटतो. खरं-खोटं ठरवायचं काम कंपनीवर सोपवलं तर ती भांडणात पडण्यापेक्षा सगळंच पुसून टाकेल. उद्या प्रत्येक भ्रष्ट माणूस एका ईमेलवर आपल्याबद्दलच्या बातम्या गायब करील. खजिनदारांना मात्र त्याचा चटका बसतो. त्यांनी तक्रार केली तरी हुकूम घेऊन या, हेच उत्तर बहुतेक वेळा येतं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर सरकारने २०२३ पासून नेमलेल्या अपील समितीकडे तीस दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं, फी लागत नाही. करून पाहावं.

दुसरं दार : खरं आहे, पण माझं आहे

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे का, हा प्रश्न देशात कित्येक दशकं लोंबकळत होता. आठ न्यायाधीशांचा १९५४ चा आणि सहा न्यायाधीशांचा साठच्या दशकातला निकाल तो नाही म्हणणारा होता. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी आधारच्या विरोधात गेले, त्यातून नऊ न्यायाधीशांचं पीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं : आहे. घटनेच्या कलम २१ मध्ये आहे.

पण मूलभूत हक्क म्हटलं की तो मुख्यतः सरकारविरुद्ध. शेजाऱ्याविरुद्ध काय? तिथे दार किती उघडतं ते काय फिरतंय यावर अवलंबून आहे.

उघडे फोटो किंवा तसा व्हिडिओ असेल तर दार सताड उघडं आहे. आयटी कायद्याचं ६६ई कलम संमतीशिवाय शरीराच्या खासगी भागाचं चित्र काढणाऱ्याला आणि पसरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतची कैद सांगतं. न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रियांसाठी आणखी पुढे जातं : फोटो काढायला तिने स्वतः होकार दिला असेल, पण दुसऱ्याला दाखवायला दिला नसेल, तरी दाखवणं हा गुन्हाच. "तिनेच पाठवला होता" हे वाक्य ज्या ज्या घरात ऐकू येतं तिथे हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं.

इथे कोर्टाचा हुकूमही लागत नाही. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे अशा फोटोची, किंवा चेहरा चिकटवून बनवलेल्या खोट्या फोटोची, तक्रार त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कुणीही केली की कंपनीने तो हटवायचा. नियम आले तेव्हा त्याला २४ तासांची मुदत होती. मागाहून आलेल्या दुरुस्त्यांचा रोख मुदती आणखी आवळण्याकडे आहे. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांबद्दलच्या अशा तक्रारी नाव न देताही करता येतात. आणि फोटो अजून बाहेर आलेला नाही, पण कुणी धमकावतंय, अशा वेळी 'स्टॉप एनसीआयआय' ही सोय आहे : फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त आकडेमोडीने काढलेला ठसा कंपन्यांकडे जातो, आणि सामील झालेल्या साइट्सवर तोच फोटो चढवायचा प्रयत्न झाला तर तो अडवता येतो.

थोडक्यात, खजिनदारांना जिथे वर्षं लागतात तिथे या तक्रारीला तास लागायला हवेत. म्हणून तक्रार लिहिताना 'बदनामी' हा शब्द पुढे करू नये. 'माझ्या संमतीशिवाय माझा खासगी फोटो' असं लिहावं. एका शब्दाने फाइल दुसऱ्या टेबलावर जाते.

आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं प्रकरण मात्र या दोन्हींच्या मध्ये अडकतं. तिची फाइल फोटोच्या कलमात बसत नाही आणि खोटी नसल्यामुळे बदनामीतही नीट बसत नाही. दवाखान्यातून कागद फुटले असतील तर आयटी कायद्याचं ७२अ कलम आहे : करारामुळे हाती आलेली माहिती संमतीशिवाय, नुकसान करायच्या हेतूने बाहेर दिली तर तीन वर्षांपर्यंत कैद. घरातल्याच कुणी फोटो काढले असतील तर दिवाणी कोर्टात जाऊन मनाई हुकूम मागणं, आणि नियमांत 'दुसऱ्याच्या खासगीपणावर आक्रमण करणारा मजकूर' असे शब्द आहेत त्यांचा आधार घेऊन कंपनीकडे तक्रार करणं, एवढंच उरतं. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये, कौशल किशोर प्रकरणात, कलम २१ सरकार नसलेल्यांविरुद्धही लावता येईल असं बहुमताने म्हटलं आहे. पण त्या वाक्याचा आधार घेऊन तालुक्याच्या कोर्टात भांडायला दमदार वकील लागतो.

२०२३ चा डेटा संरक्षण कायदा तिच्या किती कामाचा? त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून अठरा महिने दिले आहेत. दवाखाने, बँका, अ‍ॅप यांच्याकडून आपली माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क त्यात आहे, आणि दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तो दंड सरकारी तिजोरीत जातो, जिची माहिती फुटली तिला त्यातला रुपया मिळत नाही. घरगुती कामासाठी माहिती वापरणाऱ्या माणसाला तर हा कायदा लागूच नाही.

नामवंतांची तऱ्हा निराळी. अनिल कपूर यांना २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांचं नाव, आवाज, चेहरा आणि 'झकास' या शब्दासकट संरक्षण दिलं. आपला अस्सल रांगडा शब्द दिल्लीच्या हुकूमनाम्यात गेलेला पाहून मजा वाटली. आशा भोसले यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना मुंबई हायकोर्टाने २०२५ मध्ये रोखलं. चेहऱ्याला बाजारभाव असला की कोर्टात तातडीने उभं राहायला पैसाही असतो.

मेसेज आला त्या रात्री

राग आला की लोक आधी ग्रुप सोडतात, मग फोन फॉरमॅट करतात, आणि मग वकिलाकडे जातात. क्रम उलटा हवा. मजकूर, वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर, पोस्ट असेल तर तिची पूर्ण लिंक, हे सगळं दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ फोन जपून ठेवा. नुसता छापील स्क्रीनशॉट कोर्टात उभा राहत नाही; सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, आता ते साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली. हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे का, याचा कीस जालन्याच्या निवडणुकीवरून पडला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा प्रश्न होता, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणता येत नसेल तर प्रमाणपत्राला पर्याय नाही. तुमचा फोन हेच मूळ यंत्र. तो विकू नका.

आणि घड्याळ बघा. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षं मिळतात, पण भरपाईच्या दाव्याला एकच वर्ष, मजकूर प्रसिद्ध झाल्या दिवसापासून. "पोस्ट अजून दिसतेय, म्हणजे रोज नवी बदनामी होतेय" हा युक्तिवाद दिल्ली हायकोर्टाने २०१३ मध्येच नाकारला. इंटरनेटवर पडून राहिलेल्या मजकुराचं वर्ष तो पहिल्यांदा चढला त्या दिवशीच सुरू होतं. म्हणून खजिनदार एनसीची प्रत घेऊन वकिलाकडे गेले, की लिफ्टची बिलं, चाळीस हजारांचा हिशोब, ग्रुपमधली माणसं हे सगळं बाजूला सारून वकील आधी एवढंच विचारतील : मेसेज कोणत्या तारखेचा?